जर्मन नौदल अधिकाऱ्यांचे जुने गणवेश जमवताना अस्सल कोट कसा ओळखावा?

बाह्यांवरच्या सोनेरी पट्ट्यांना न भुलता आधी कोटाचा आतला खिसा उलटून पाहावा. कारण अधिकारी आपला गणवेश शिंप्याकडून शिवून घेत आणि त्या शिंप्याच्या लेबलवर बरेचदा मालकाचे नाव व तारीखही सापडते. पट्ट्यांच्या वर मुकुट असेल तर कोट १९१८ पर्यंतच्या कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, नौदलाचा, तारा असेल तर त्यानंतरचा समजावा. खरी गोम इथेच आहे, कारण १९५६ मध्ये उभ्या राहिलेल्या पश्चिम जर्मन नौदलाच्या कोटावरही तारा असतो आणि त्याच्याच उजव्या छातीवर नाझी काळातले गरुडचिन्ह टाचून तो दुसऱ्या महायुद्धातला म्हणून खपवला जातो. अतिनील दिव्याखाली गरुडाच्या टाक्यांचा धागा पांढराशुभ्र चमकला, तर तो बहुधा युद्धानंतरचा असतो आणि मी तरी तो कोट घेणार नाही.