शंभर वॅट, पोदेराचा हॉर्न आणि तारवटीकाकांचा अ‍ॅम्प

प्रश्न : काका, नमस्कार. मी फोंड्याला राहतो, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. गिटार पाच वर्षं वाजवतोय, कॉलेजचा बँड आहे आणि गावच्या जत्रेला नाटक असतं तेव्हा गाण्यांना साथ पण करतो. ३० हजार साठवलेत. दुकानदार म्हणतो गिटारचा आवाज मोठा करायला १०० वॅटचा अ‍ॅम्प घे, एकदाच काय तो खर्च. मित्र म्हणतो जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या ट्यूबचाच घे, बाकी सगळी खेळणी. मला घरी गाणी रेकॉर्ड पण करायचीयत. सध्या फोनवर करतो तर डब्यात माशी अडकल्यासारखं ऐकू येतं. काय करू?

उत्तर : तुझी माशी तरी बरी. माझं पहिलं रेकॉर्डिंग ऐकून आमचा ड्रमर म्हणाला होता, मिक्सरात नारळ घातलास काय रे. आणि अ‍ॅम्प चांगला होता हां, उसना आणलेला. घोळ सगळा माईक ठेवण्यात होता, पण त्यावर नंतर येतो.

आधी वॅटचं भूत उतरवू. ५० चा १०० वॅट केला की आवाज दुप्पट होणार असं सगळ्यांना वाटतं, होत नाही. वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर कळेल इतपत. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात, म्हणजे ५ वॅटच्या दुप्पट मोठा वाजायला ५० वॅटचा अ‍ॅम्प हवा. आणि त्यात स्पीकर कुठला हे कोणी विचारतच नाही. सेन्सिटिव्हिटी म्हणजे तेवढ्याच वॅटवर स्पीकर किती मोठा वाजतो ते. एक स्पीकर ९७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा आणि दुसरा १०० चा असेल तर नुसता स्पीकर बदलून वॅट दुप्पट केल्यासारखं होतं, दुकानदार हे सांगत नाही कारण डब्यावर १०० चा आकडा मोठ्ठा छापलेला असतो आणि गिऱ्हाईक तोच बघतं.

जत्रेचं म्हणशील तर तिथे मैदान भरायचं काम तुझ्या अ‍ॅम्पचं नाहीच. साउंडवाल्याचा एक माईक तुझ्या अ‍ॅम्पसमोर लागतो आणि लोक ऐकतात ते त्याच्या स्पीकरवर. तुझा अ‍ॅम्प फक्त तुला, हार्मोनियमवाल्याला आणि तबलजीला ऐकू आला की झालं. उलट स्टेजवर मोठा अ‍ॅम्प लावलास तर नटाचं पद बुडतं आणि मग नाटकवाले विंगेतून असे डोळे करतात की पुढच्या वर्षी तुला बोलावणंच येत नाही.

आता ट्यूबचं. ट्यूबचा आवाज मला पण आवडतो, खोटं कशाला बोलू. पण त्याची गोडी अ‍ॅम्प जरा राबायला लागला की येते. १५ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प व्हॉल्यूम एकवर ठेवून वाजवशील तर तो झोपलेलाच असतो, आणि जागा केलास तर फोंड्यात शेजारी जागे होतात. आणि बाकीची खेळणी म्हणशील तर रोलंडचा जेसी-१२० बघ, १९७५ चा, आत एक ट्यूब नाही आणि आजही क्लीन, म्हणजे स्वच्छ, न फाटलेल्या आवाजासाठी लोक तोच मागतात. नाटकाच्या गाण्यांना तुला क्लीनच तर लागणार आहे. अस्सल-नक्कल या वादात पण पडू नको. लंडनच्या जिम मार्शलचं दुकान होतं, तो मूळचा ड्रमर. पोरांना अमेरिकेच्या फेंडर कंपनीचा अ‍ॅम्प फार महाग पडायचा म्हणून १९६२ च्या सुमारास त्याच्या दुकानातल्या लोकांनी फेंडरच्या बासमन अ‍ॅम्पचं सर्किट समोर ठेवून आपला अ‍ॅम्प बनवला, सुटे भाग मिळाले तसे वापरले, स्पीकर वेगळे लावले, आणि त्यातनं जो निघाला तो मार्शलचा आवाज.

तर माझं मत, बॉस कटाना ५० सारखा काहीतरी घे. १२ इंची स्पीकर आहे, ५० वॅट आहेत, आणि मुख्य म्हणजे त्याला अर्ध्या वॅटवर आणायचं बटण आहे, म्हणजे रात्री आई झोपलेली असताना पण डिस्टॉर्शन, म्हणजे तो रॉकवाला फाटका आवाज, नीट वाजतं. यूएसबी पण आहे, लॅपटॉपला थेट जोडून रेकॉर्ड होतं. फक्त घरीच वाजवायचं असतं तर यामाहाचा टीएचआर१० सांगितला असता, पण ड्रमसोबत तो पुरणार नाही. भाव सारखे बदलतात, दोन दुकानांत विचार. आणि सगळे ३० हजार अ‍ॅम्पमध्ये घालू नको रे, माईकला ठेव. जुना अ‍ॅम्प मिळाला तर तो घे आणि उरलेल्यात माईक बसव.

माईक म्हणजे शुअर एसएम५७. १९६५ पासून आहे, गिटार अ‍ॅम्पसमोर जगभर हाच उभा असतो. नकली भरपूर फिरतात, तेव्हा बिलावर घे. अ‍ॅम्प उद्या विकशील, माईक राहील, चवथीला घुमट वाद्यावरची आरती रेकॉर्ड करायला पण तोच लागेल.

आता माझा नारळ. मी माईक स्पीकरच्या बरोब्बर मधोमध, जाळीला चिकटवून ठेवला होता. मधे ती गोल टोपी असते ना, तिथे आवाज सगळ्यात तिखट, कानात टोचणारा. कडेकडे सरकलास की मऊ होत जातो, आणि अगदी कडेला गेलास तर गोधडीखाली वाजतोय असं. आधी मोबाईलचा टॉर्च जाळीवर मार, आतला स्पीकर दिसतो, टोपी कुठे संपते तिथे कापडावर छोटी चिकटपट्टी लाव. माईक तिथे, जाळीपासून दोन बोटं लांब. मग भावाला नाहीतर बहिणीला माईक धरून अर्धा अर्धा इंच सरकवायला सांग आणि तू हेडफोन लावून वाजवत बस. या अर्ध्या इंचात जेवढा फरक पडतो तेवढा अ‍ॅम्पच्या ट्रेबलच्या बटणाने पडत नाही, खरंच. आणि एकदा जमलं की फोटो काढून ठेव, पुढच्या रविवारी आठवत नाही. माईक फार जवळ नेलास तर खालचा बेस फुगतो, तो त्या माईकचा स्वभाव आहे, जरा मागे घे.

गेन, म्हणजे आवाज फाडणारं बटण, वाजवताना ठेवतोस त्याच्यापेक्षा कमी ठेव. रेकॉर्डमध्ये डिस्टॉर्शन जास्त वाटतं, आणि जाड आवाज हवा असेल तर गेन वाढवायच्या ऐवजी तोच भाग दोनदा वाजव, एक डावीकडे एक उजवीकडे. कॉपी-पेस्ट चालणार नाही, खरंच दोनदा वाजवायचं. रेकॉर्डिंगची लेव्हल २४ बिटच्या सेटिंगवर साधारण उणे १२ डेसिबलच्या आसपास असू दे, लाल दिवा लागायची गरज नाही.

खोलीचं म्हणजे आपली घरं चिऱ्यांची, खाली लादी, वर कौलं, हॉलमध्ये टाळी वाजवली तरी घुमते. अ‍ॅम्प झोपायच्या खोलीत ने, स्टुलावर ठेव, भिंतीला टेकवू नको, कपड्यांचं कपाट उघडं ठेव, आईच्या साड्या इतका आवाज खातात की स्टुडिओचा फोम झक मारतो. पंखा बंद. आणि वेळ बघून बस. माझा एक सगळ्यात चांगला टेक झाला आणि शेवटच्या सुरावर बाहेरून पाववाल्या पोदेराचा हॉर्न, पों पों. ठेवलाय मी तो तसाच.

प्रश्न : माझे काका तारवटी, म्हणजे बोटीवर खलाशी, होते. त्यांनी अमेरिकेहून आणलेला एक फेंडर अ‍ॅम्प मडगावच्या घरी माळ्यावर सापडला, मागे १२० व्होल्ट लिहिलंय. काका आता नाहीत. मुलगा गिटार शिकतोय, प्लग बदलून लावला तर चालेल का?

उत्तर : ताई, प्लग बदलून अजिबात लावू नका! आपल्याकडे २३० व्होल्ट, लावल्या लावल्या फ्यूज गेला तर नशीब, नाहीतर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, २३० चे १२० करणारा. अ‍ॅम्पच्या मागे किती वॅट खातो ते लिहिलेलं असतं, त्याच्या निदान दीडपट क्षमतेचा घ्या. तिथेच ६० हर्ट्झ लिहिलंय की ५०/६० तेही बघा. नुसतं ६० असेल तर आपल्या ५० वर त्याचा ट्रान्सफॉर्मर जरा जास्त तापतो, रिपेरवाल्याला हे आधीच सांगा.

पण त्याच्याही आधी, इतकी वर्षं माळ्यावर होता आणि गोव्याचे पावसाळे म्हणजे स्पीकरच्या कागदाला बुरशी, जॅकला गंज. आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) वापराविना सुकतात, ते बहुतेक बदलावे लागतील. वायर दोन पिनची असेल तर अर्थिंगची तीन पिनची बसवून घ्या, जुन्या अमेरिकन अ‍ॅम्पमध्ये याच भानगडीने गिटारच्या तारांतून शॉक बसायचे. मुलाला स्क्रूड्रायव्हर देऊ नका. ट्यूबचा अ‍ॅम्प असेल तर प्लग काढल्यावरसुद्धा कपॅसिटरमध्ये तीनचारशे व्होल्ट बसून राहतात. आणि ट्यूबचा अ‍ॅम्प स्पीकर जोडल्याशिवाय कधीच चालू करायचा नाही, टेस्टिंगला पण नाही. ट्यूबचं काम केलेला माणूस शोधा, रेडिओच्या जमान्यातला कोणी म्हातारा मिळाला तर सोन्याहून पिवळं. खर्च होईल, पण करा. काकांची वस्तू आहे, आणि तसा अ‍ॅम्प आज नवा घ्यायला गेलात तर डोळे पांढरे होतील.

प्रश्न : रेकॉर्ड करताना सतत गुंईंऽ असा आवाज येतो. अ‍ॅम्प खराब आहे का? (डिचोली)

उत्तर : गिटारची वायर अ‍ॅम्पमधून काढून बघा. आवाज गेला तर अ‍ॅम्प ठीक आहे, गिटार किंवा वायर पकडतेय. गिटारच्या तारांखाली आवाज पकडणारा एकाच कॉइलचा, म्हणजे सिंगल कॉइल, पिकअप असेल तर खुर्चीसकट हळूहळू फिरा, एका दिशेला तोंड केल्यावर गुणगुण जवळजवळ जाते, तिथेच बसून वाजवा. हसू येईल पण स्टुडिओवाले पण असेच बसतात. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर बंद करा. लाइट गेली आणि इन्व्हर्टरवर वाजवत असाल तर मात्र सोडा, स्वस्त इन्व्हर्टरची वीजच खरखरीत असते, तेव्हा चहा करून घ्या आणि लाइट यायची वाट बघा.