विकलेली मियाटा परत घ्यावी का?

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो, वय ५६. २००१ साली मी १९९२ची लाल माझदा मियाटा, म्हणजे दोन सीटची, छप्पर उघडता येणारी छोटी स्पोर्ट्स कार, सेकंडहँड घेतली. घरच्या गॅरेजमध्ये तिचं सस्पेन्शन बदललं, गाडी उलटली तर डोकं वाचवणारा लोखंडी रोल बार बसवला, शेवटी इंजिनाची ताकद वाढवणारा टर्बोही घातला. २०१४मध्ये मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ती विकली. आता तीच गाडी पुन्हा विक्रीला आली आहे. रोज रात्री तिचे फोटो बघत बसतो, बायकोला सांगितलेलं नाही. गाडीवर इतका पैसा घातला म्हणून अपराधी वाटतं आणि विकली म्हणूनही वाटतं. परत घेऊ का?

उत्तर : तुमचं मूळ पत्र बरंच मोठं आहे, वर फक्त सारांश दिला आहे. मी ते दोनदा वाचलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या वडिलांचं गॅरेज होतं, त्यामुळे गाडीवेडा माणूस कशाबद्दल भरभरून बोलतो आणि काय दोन शब्दांत उरकतो, याकडे माझं आपोआप लक्ष जातं. सस्पेन्शन बदललंत त्या शनिवार-रविवारबद्दल तुम्ही दीड पान लिहिलं आहे. टॉर्च धरून बसलेली मुलगी, काही केल्या न हलणारा गंजलेला बोल्ट, आणि संध्याकाळी पहिल्याच वळणावर गाडीने धरलेला रस्ता. टर्बोबद्दल मात्र दोनच ओळी आहेत : खर्च किती झाला, आणि त्यानंतर उन्हाळ्यात गाडी कशी तापायची.

तुम्हाला आठवण येते ती टर्बोच्या आधीच्या गाडीची.

आणि ते साहजिकच आहे. १९८९मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये मियाटा आली, तेव्हा तिच्या १.६ लिटर इंजिनाची ताकद ११६ हॉर्सपॉवर होती. स्पोर्ट्स कारच्या मानाने हा आकडा तेव्हाही मोठा नव्हता. गंमत होती ती तिच्या बांधणीत. हजार किलोच्या आसपास वजन, तेही पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळपास सारखं वाटलेलं, इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. वेगमर्यादा न मोडताही चालवणाऱ्याला हातात स्टिअरिंग असल्याचं सुख मिळायचं. टर्बोने जोर वाढतो, पण त्यामागोमाग रेडिएटर अपुरा पडतो, क्लच घसरू लागतो, इंधनाचं ट्यूनिंग नव्याने करावं लागतं. मग रविवारची सकाळ गाडी चालवण्यात जाण्याऐवजी ती का तापली हे शोधण्यात जाते. तुमचं शेवटी तेच झालं असं तुमच्या पत्रावरून दिसतं.

म्हणून ही गाडी घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. तुम्ही विकल्यानंतर तिच्यावर आणखी कुणाकुणाचे हात फिरले आहेत, कोणी कुठली वायर कुठे जोडली आहे, हे जाहिरातीत कळत नाही. शिवाय तुमच्याकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, आणि मिठाने पत्रा गंजतो. या गाडीच्या छपराचं पाणी वाहून नेणारी भोकं तुंबली की ते पाणी दारांखालच्या पत्र्यात उतरतं, आणि मागच्या चाकांच्या पुढचा भाग आतून सडतो. वरून रंग नवा दिसतो. एवढं सांगूनही बघायला गेलातच, तर आधी तिथे हात लावून बघा. रोल बार तुमच्या डोक्याच्या किती जवळ येतो आणि त्यावर पॅडिंग शिल्लक आहे का, हेही बघा. हेल्मेटशिवाय तो उघडा पाइप जिवावर बेतू शकतो.

पैशाबद्दल. मॉडिफिकेशनचा खर्च विकताना वसूल होत नाही, हे तुम्हालाही तेव्हा माहीत होतं. तुम्ही कर्ज काढलं नाहीत, घरातलं काही अडू दिलं नाहीत, आणि फी भरायची वेळ आली तेव्हा गाडी काढून टाकलीत. यात अपराध कुठे आहे? मला तरी तो सापडला नाही. ते ओझं आता खाली ठेवा.

बायकोपासून लपवताय, ते मात्र बरोबर नाही. छप्पर उघडं टाकून डोंगरातल्या डेलावेअर वॉटर गॅप खिंडीपर्यंत जाताना शेजारी त्याच बसायच्या, हे तुम्हीच लिहिलं आहे. त्या गाडीत त्यांचीही वर्षं गेली आहेत. रात्री एकट्याने फोन बघत बसलेला नवरा दिसला की बाईच्या मनात काय काय येतं, याची तुम्हाला कल्पना नसावी. आजच सांगा. विक्रेत्याला फोन करायच्या आधी सांगा. त्या ‘नको’ म्हणाल्या तर का, ते नीट ऐकून घ्या. निवृत्ती जवळ आली की पैशाची काळजी बायका बऱ्याचदा मनातच ठेवतात.

दोघांचं एकमत झालं तर त्याच, म्हणजे पहिल्या पिढीतली, कोणी फारसे हात न लावलेली मियाटा शोधा. घाई करू नका, अशा गाड्या अजून मिळतात. माझदाने स्वतःच जपानमध्ये पहिल्या पिढीच्या मियाटा नव्यासारख्या करून द्यायचं काम हाती घेतलं आणि तिचे काही जुने पार्ट पुन्हा बनवायला घेतले, इतकं तिच्यावर लोकांचं प्रेम आहे. गाडी मिळाली की टायमिंग बेल्ट, ब्रेक, टायर आणि सगळी तेलं बदलून घ्या. त्यापुढे पहिलं वर्षभर तिच्यात काहीही बदलू नका, नुसती चालवा.