‘एकल अल्बम’ की ‘स्वतंत्र अल्बम’?

टॉड रुंडग्रेन या अमेरिकन रॉक संगीतकाराच्या ‘समथिंग/एनिथिंग?’ या १९७२ सालच्या दुहेरी अल्बमचे वर्णन ‘सुरेल पॉवर पॉपचा एकल अल्बम’ असे केले तर चालेल का, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे. (पॉवर पॉप म्हणजे जोरकस गिटार-ड्रम आणि लक्षात राहणाऱ्या चाली यांचा मेळ घालणारी रॉकची शैली.) चालेल; पण माझ्या मते यातील ‘एकल’ आणि ‘सुरेल’ हे दोन्ही शब्द थोडे घसरतात.

‘एकल’ हा येथे इंग्रजी ‘सोलो’साठी योजलेला शब्द आहे. रॉकच्या व्यवहारात ‘सोलो’ म्हणजे एकट्याने वाजवलेला नव्हे, तर बँडच्या नावावर न काढता स्वतःच्या नावावर काढलेला. सोबत दहा वादक असले तरी तो सोलोच राहतो. हा अर्थ आपल्याकडे तबल्याच्या संदर्भात आधीपासून रुळलेला आहे. तबल्याचे स्वतंत्र वादन चालू असताना शेजारी लेहरा, म्हणजे तालाचे आवर्तन दाखवणारी ठरावीक धून, धरायला पेटीवाला बसलेला असतो, तरी त्या वादनाला कोणी ‘स्वतंत्र’ म्हणायला कचरत नाही, कारण येथे स्वतंत्र म्हणजे साथीच्या भूमिकेतून बाहेर पडलेले. रुंडग्रेन आधी फिलाडेल्फियातील ‘नॅझ’ या बँडमध्ये होता, त्यामुळे ‘स्वतंत्र अल्बम’ हेच अधिक नेमके. ‘एकल’ म्हटले की आजच्या वाचकाला प्रथम ‘एकल पालक’ आठवतो आणि मागोमाग ‘एकलकोंडा’ही डोकावतो.

या अल्बमची गंमत मात्र अशी की दोन तबकड्यांच्या चारपैकी तीन बाजूंवरचे सारे गायन आणि वादन रुंडग्रेनने खरोखरच एकट्याने केले आहे. तो आधी ड्रम ध्वनिमुद्रित करी. त्या वेळी दुसरे कोणतेच वाद्य कानावर पडत नसल्याने गाणे मनातल्या मनात गुणगुणत ठेका धरावा लागे, आणि कुठे चूक झालीच तर पुढची वाद्ये त्या चुकीला जुळवून घेत. अशा कामासाठी मराठीत ‘एकहाती’ हा ठसठशीत शब्द असताना ‘एकल’कडे जाण्याचे कारण मला दिसत नाही.

‘सुरेल’चे काय? हा शब्द मुळात ‘बेसूर’च्या विरुद्धचा आहे, गाणारा सुरात आहे, एवढेच त्यातून प्रथम कळते. येथे सांगायचे आहे ते चालीबद्दल: तिसऱ्या बाजूवरचे ‘कुडन्ट आय जस्ट टेल यू’ ऐकताना गिटार आणि ड्रम कितीही जोरात असले तरी लक्षात राहते ती चाल, आणि पॉवर पॉपचा उत्तम नमुना म्हणून या गाण्याचे नाव नेहमी घेतले जाते ते त्यामुळेच. म्हणून ‘गोड चालींचा’ असे साधे लिहावे.

‘पॉवर पॉप’ मात्र आहे तसाच ठेवावा. ‘द हू’ या बँडच्या पीट टाउनशेंडने १९६७ साली स्वतःच्या संगीताबद्दल तो वापरला होता आणि पुढे ते एका शैलीचे नावच होऊन बसले. नावाचे भाषांतर करू नये. ‘शक्तिपॉप’ तर एखाद्या टॉनिकच्या बाटलीवर शोभेल.

तेव्हा ‘गोड चालींच्या पॉवर पॉपचा, बव्हंशी एकहाती घडवलेला स्वतंत्र अल्बम’ असे मी लिहीन. ‘बव्हंशी’ गाळू नये, कारण चौथ्या बाजूवर स्टुडिओत जमवलेले इतर वादक आहेत. तेवढा भाग स्वतंत्र आहे, एकहाती नाही.