कामानिमित्त परदेशात गेल्यावर तिथल्या टेनपिन बोलिंग स्पर्धेत उतरावं का? स्वतःचा बॉल न्यावा का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या मॉलमध्ये तुमची सरासरी गेममागे १६५ गुणांच्या आसपास पडते, कंपनीच्या कामाने वर्षातून दोन-तीनदा मलेशिया आणि दुबईला जाणं होतं, आणि आता तिथली एखादी ओपन स्पर्धा खेळून बघावी असं मनात आहे.

खेळा की. मीही पंपांच्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे, बॅग कायम भरलेली. पाच-सहा स्पर्धा अशाच दौऱ्यांना जोडून खेळलोय. जिंकलो एकही नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल.

पण ते १६५ आहेत ना, ते तुमच्याबरोबर विमानात बसत नाहीत.

कारण तेल. कॅरम खेळला असाल तर लगेच समजेल. बोर्डावर पावडर किती आणि कुठे आहे त्यावर स्ट्रायकर कसा पळतो ते ठरतं. बोलिंगमध्ये पावडरच्या जागी तेल. फरक एवढाच की पावडर दिसते आणि तेल दिसत नाही. फाउल लाइनपासून (बॉल सोडताना ओलांडायची नाही ती रेघ) पहिल्या पिनेपर्यंत लेन ६० फूट. त्यातल्या साधारण पहिल्या ४० फुटांवर तेल आणि पुढचा भाग कोरडा. तेलावर बॉल घसरत जातो, कोरड्यावर पकड मिळाली की वळतो. मॉलमध्ये तेल मधल्या भागात भरपूर आणि कडांना कमी असतं (तेही मशिन चालवलं असेल तर, शेवटचं कधी चालवलं होतं हे काउंटरवरच्या पोरालाही आठवत नसतं). त्यामुळे बॉल चुकून बाहेर गेला तर कोरड्या कडेवरून वळून परत येतो, आणि चुकून आत पडला तर तेलामुळे सरळ राहतो. दोन्ही चुका हेडपिनेपाशीच, म्हणजे सगळ्यात पुढच्या पिनेपाशीच, जाऊन मिळतात. अशी लेन म्हणजे पन्हळ, पाणी कुठूनही ओता, पडणार ठरल्या जागी. आपण समजतो आपला हात बसलाय!

स्पर्धेच्या लेनवर तेल कडेपासून कडेपर्यंत बरंच सारखं पसरलेलं असतं. लेनची रुंदी ३९ बोर्डांची, म्हणजे उभ्या पट्ट्यांची, एक बोर्ड जेमतेम इंचभराचा. तिथे दोन बोर्ड बाहेर गेलात तर बॉल परत येत नाही, दोन बोर्ड आत गेलात तर हेडपिनेच्या नाकावर बसतो आणि समोर स्प्लिट उभा, म्हणजे उरलेल्या पिना एकमेकींपासून लांब. क्वालालंपूरला मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा सहा गेमचे मिळून ८७२ झाले. सरासरी १४५. घरी माझी तेव्हा १७० होती. शेजारच्या लेनवर नववी-दहावीतली वाटावी अशी एक मुलगी दोनशेच्या वर खेळत होती आणि मधल्या वेळात बाकावर बसून गणिताचा अभ्यास करत होती. मला कुणी काही म्हणालं नाही, पण त्या वहीकडे बघूनच मी वरमलो.

मलेशियात या खेळाला फावल्या वेळेची करमणूक समजत नाहीत. १९९८ च्या क्वालालंपूर राष्ट्रकुल स्पर्धेत टेनपिन बोलिंग होतं. आशियाई स्पर्धांमध्ये ते १९७८ ला बँकॉकमध्ये आलं, आणि पुढच्याच १९८२ च्या दिल्लीच्या स्पर्धेत नव्हतं. तिकडे फिलिपिन्सच्या पाएंग नेपोमुसेनो या डावखुऱ्या खेळाडूने १९७६ पासून १९९६ पर्यंत चार वेळा वर्ल्ड कप जिंकला. आपल्याकडे मुंबईत फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग आलं ते नव्वदचं दशक संपता संपता, आणि तेही वाढदिवसाच्या पार्ट्यांसाठी जास्त. तेव्हा तिथे गेल्यावर शाळकरी पोरं हरवतील, त्याची लाज बाळगू नका.

आता खरा मुद्दा. लोक विचारतात बॉल किती न्यावेत, हुक, म्हणजे बॉलचं वळण, किती मोठा असावा. मी म्हणतो स्पेअर किती मारता, म्हणजे उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलने किती वेळा उचलता, ते सांगा. हिशोब करून बघा. गेमच्या दहाही फ्रेममध्ये (फ्रेम म्हणजे दोन बॉलची पाळी) पहिल्या बॉलला नऊ पिना पाडल्या आणि दरवेळी उरलेली एक सोडली, तर गेम ९० चा. तीच एक पिन दरवेळी उचलली, तर गेम १९० चा, कारण स्पेअर झाला की पुढच्या बॉलचे गुणही त्यात धरतात. एकही स्ट्राइक न मारता, म्हणजे पहिल्याच बॉलला दहाही न पाडता! मधले शंभर गुण त्या एका पिनेचे. ओळखीच्या लेनवर स्ट्राइक पडत राहतात म्हणून हे झाकून जातं. अनोळखी तेलावर स्ट्राइक आटतात आणि मग सगळं उघडं पडतं. माझ्या त्या ८७२ मध्ये एकट्या दहा नंबरच्या पिनेवर, म्हणजे उजव्या कोपऱ्यातल्या शेवटच्या पिनेवर, मी अकरा वेळा चुकलो होतो. रात्री हॉटेलात स्कोअरशीटचा फोटो बघत मोजलं. नेहमीचा हुक होणारा बॉल त्या पिनेकडे जाता जाता शेवटच्या क्षणी आत वळतो आणि तिच्या अंगाला वारा घालून निघून जातो.

यावर इलाज म्हणजे साधा प्लॅस्टिकचा बॉल. तो जवळजवळ वळतच नाही. डावीकडे उभं राहायचं, लेनवर खुणेचे बाण असतात, त्यातल्या मधल्यांवरून तिरकं सरळ सोडायचं. तेल कुठलंही असो, त्याला फरक पडत नाही. मॉलमध्ये सराव करताना मी आता एक खेळ करतो: पहिलाच बॉल मुद्दाम दहा नंबरवर टाकायचा, बाकीच्या नऊ उभ्या राहिल्या पाहिजेत. बरोबर आलेल्यांना वाटतं याचं काहीतरी बिनसलंय.

दुबईचा किस्सा सांगतो, म्हणजे सामानाचा प्रश्नही सुटेल. क्वालालंपूरहून शहाणा होऊन मी पुढच्या वेळी तीन बॉल घेतले. माझे बॉल १४ पौंडी, एक साधारण साडेसहा किलोचा. तिघांचे एकोणीस किलो, वर चाकांची बॅग चार किलोची. मुंबईत एक्स-रेवर तीन काळे गोळे दिसल्यावर बॅग उघडायला लावली. जवानाने एकावर टिचकी मारून बघितली आणि विचारलं, "लोहे का है क्या?" तीन भोकं दाखवली, बोटं घालून दाखवली, मग सोडलं. इतकं करून दुबईत मी पोचलो आणि बॅग नाही पोचली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. माझा स्क्वॉड, म्हणजे एका वेळी खेळणारी तुकडी, सकाळी दहाचा.

मग काय, रॅकवरचा हाउस बॉल, म्हणजे तिथलाच सगळ्यांसाठी ठेवलेला, आणि भाड्याचे बूट. हाउस बॉलच्या भोकांत बोटं दुसऱ्या पेरापर्यंत आत जातात. आपल्या मापाने ड्रिल केलेल्या फिंगरटिप बॉलमध्ये पहिल्याच पेरापर्यंत जातात, आणि बॉलला फिरकी मिळते ती त्यामुळेच. म्हणजे हुक विसरा. मी गपचूप सरळ टाकत राहिलो, जे उरेल ते उचलत राहिलो. सहा गेमचे ९२१. तीन बॉल असते तर किती झाले असते देव जाणे, पण एकही नसताना आधीपेक्षा ४९ जास्त झाले हे खरं.

त्रास बॉलने दिलाच नाही, बुटांनी दिला. आपल्या बुटांत एक तळवा घसरणारा असतो आणि दुसरा पकड घेणारा. भाड्याच्या बुटांचे दोन्ही तळवे घसरतात, कारण डावरे-उजवे सगळेच ते घालतात. पावलं टाकताना मागच्या पायाला जोरच मिळत नव्हता. सबंध सकाळ ओल्या शहाबादी फरशीवर चालल्यासारखी गेली.

तेव्हापासून माझा शिरस्ता असा: बूट, अंगठ्याचा स्लग (अंगठ्याच्या भोकातली नळी, बदलता येणारी असेल तर) आणि टेप हातातल्या बॅगेत. बॉल दोनच, एक हुकचा आणि एक प्लॅस्टिकचा, दोन्ही चेक-इनमध्ये, कपड्यांत गुंडाळून. एकच बॉल केबिनमध्ये नेता येतो का? सात किलोत बसतो, मी दोनदा नेला, तिसऱ्यांदा परत पाठवून चेक-इन करायला लावला. भरवसा धरू नका. आणि निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परत येताना हा बॉल तिकडून विकत आणला का, या प्रश्नाला कागद दाखवता येतो. कंटाळवाणं काम आहे, पण नव्या बॉलसाठी कराच.

टेपबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. विमान, झोप नाही, बाहेर दमट हवा आणि आत कडक एसी, यात अंगठा कधी सुजतो, कधी आक्रसतो. घरी चपखल बसणारं भोक तिथे सैल होतं, आणि सैल झालं की आपण नकळत बॉल आवळून धरतो. सोडताना उशीर होतो, बॉल धप्पकन लेनवर आपटतो. भोकात टेपची एकेक पट्टी वाढवत जायची, घट्ट झालं की एक काढायची. माझ्या अंगठ्याला पुण्यात दोन पट्ट्या लागतात, दुबईत दुपारी चार. स्क्वॉडच्या आधी सरावाला जेमतेम दहा मिनिटं मिळतात, त्यातली पहिली दोन यातच घालवा.

बॉलची तपासणी होते. नाव युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस या अमेरिकन संस्थेच्या, म्हणजे यूएसबीसीच्या, मान्य यादीत असावं लागतं. जुना बॉल कुणाकडून घेतला असेल तर भोकं मोजा. बोटांची सोडून तोल साधण्यासाठी एक जादा भोक पाडायची पूर्वी पद्धत होती, ते १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीने बंद केलंय. माझा एक बॉल यातच बाद झाला. मित्राकडून स्वस्तात घेतला होता, का स्वस्त होता ते टेबलावर कळलं. प्रो शॉपमध्ये (बोलिंगच्या सामानाच्या दुकानात) भोक बुजवून मिळतं, पण ते घरून निघायच्या आधी.

मॉलमध्ये आपण एकाच लेनवर खेळतो. स्पर्धेत बहुधा शेजारच्या दोन लेनवर आळीपाळीने खेळावं लागतं, एक फ्रेम डावीकडे, पुढची उजवीकडे. दोन्हींचा स्वभाव कधीच सारखा नसतो, म्हणून डावीची नोंद वेगळी आणि उजवीची वेगळी डोक्यात ठेवा. तेल किती फुटांवर संपतं ते आयोजक बहुतेकदा आधीच जाहीर करतात. त्या आकड्यातून ३१ वजा करा. ४१ फूट असेल तर १०. तेलातून बाहेर पडताना बॉल कडेपासून साधारण दहाव्या बोर्डावर असावा, असा हा ढोबळ आडाखा. दहावा बोर्ड म्हणजे कडेपासूनचा दुसरा बाण. सुरुवात तिथून करा. पण दोन-तीन गेम झाले की सगळ्यांच्या बॉलनी तेल उचललेलं असतं, आणि सकाळी चाललेली रेघ दुपारी चालत नाही. तेव्हा हळूहळू डावीकडे सरकायचं. डावखुरे असाल तर उजवीकडे, आणि तुमच्या बाजूला गर्दी कमी म्हणून तेलही जास्त टिकतं.

एक शिष्टाचार मात्र पाठ करून जा. शेजारच्या लेनवर कुणी बॉल घेऊन उभं असेल तर आपण अॅप्रोचवर, म्हणजे लेनच्या अलीकडे पावलं टाकायच्या जागेवर, पाऊल ठेवायचं नाही. दोघं एकदम आलात तर उजवीकडच्याला आधी. आपल्याकडे चारही लेनवर एकदम धुमाकूळ चालतो, त्यामुळे हे अंगवळणी नसतं. क्वालालंपूरला मी असाच तुरुतुरु पुढे गेलो आणि शेजारचे वयस्कर गृहस्थ हात खाली करून मागे सरले, बॉल पुसत उभे राहिले. दुसऱ्यांदा झालं तेव्हाही काही बोलले नाहीत. तिसऱ्यांदा मीच थांबलो, तर मान लववून हसले.

नाव नोंदवण्याचं थोडक्यात: नियमावली नीट वाचा. बऱ्याच ओपन स्पर्धा आपल्या देशाच्या फेडरेशनचं सदस्यत्व विचारतात. आपल्याकडे ती टेनपिन बोलिंग फेडरेशन (इंडिया). काही ठिकाणी महिलांना दर गेमला आठ पिना (म्हणजे गुण) जादा मिळतात, ज्येष्ठांनाही काही मिळतात. री-एंट्री असेल तर पैसे भरून तोच टप्पा पुन्हा खेळता येतो, आणि पाकीट रिकामं होतं ते इथेच. दोन स्क्वॉडचे पैसे आधी बाजूला काढून ठेवा, तिसरा खेळायचा नाही. बक्षिसाची रोख रक्कम असेल तर तुमच्या व्हिसावर ती चालते का, तेही आधी विचारा. माझ्यावर ती वेळ अजून आलेली नाही.

ऑफिसला काय सांगायचं ते तुम्ही बघा. मी शनिवार-रविवारचा स्क्वॉड घेतो आणि परतीचं तिकीट सोमवारचं काढतो. शनिवारचे स्क्वॉड सगळ्यात आधी भरतात, म्हणून दौरा ठरला त्याच दिवशी आयोजकांना मेल टाका. मेलमध्ये एवढंच विचारा: परदेशी खेळाडूला कुठले कागद लागतात, बॉलची तपासणी किती वाजता, आणि लेनवर दोरीच्या (वरून दोरीला बांधलेल्या) पिना आहेत की सुट्या. दोरीच्या असतील तर पिना वेगळ्या तऱ्हेने उडतात, ते आधी माहीत असलेलं बरं.