प्रश्न तुमचे : सांभाळणाऱ्यालाही कोणी सांभाळायला हवे

वृद्धांच्या देखभालीविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी उत्तरासाठी निवडली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : जग म्हातारे होत चालले आहे, असे सतत वाचनात येते. म्हातारी माणसे तर पूर्वीही होती. मग आताच एवढी चिंता कशासाठी?

उत्तर : माणसे दीर्घायुषी झाली ही मुळात आनंदाची गोष्ट आहे. स्वच्छ पाणी, लसी, सुरक्षित बाळंतपण आणि प्रतिजैविके यांनी मिळवून दिलेले हे आयुष्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०३० मध्ये जगातील दर सहा माणसांपैकी एक साठीचा किंवा त्यापुढचा असेल. अशा माणसांची संख्या २०२० मध्ये सुमारे १०० कोटी होती. २०५० पर्यंत ती २१० कोटींवर जाईल आणि त्याच काळात ऐंशी ओलांडलेल्यांची संख्या तिपटीने वाढून ४२ कोटी ६० लाखांच्या घरात पोहोचेल.

खरा पेच वेगाचा आहे. साठीपुढच्यांचे लोकसंख्येतील प्रमाण दहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर जायला फ्रान्सला जवळजवळ दीडशे वर्षे मिळाली, तर ब्राझील, चीन आणि भारत यांच्या वाट्याला त्यासाठी वीसपेक्षा थोडीच जास्त वर्षे येत आहेत. निवृत्तिवेतन, दवाखाने, घरपोच सेवा, प्रशिक्षित माणसे हे सारे जिथे पिढ्यानपिढ्या हळूहळू उभे राहिले, तिथेही ते अपुरे पडते. मग ज्यांना ते एका पिढीत उभारायचे आहे त्यांच्यापुढचे काम किती मोठे असेल, याची कल्पना करता येईल. तोवर सगळा भार कुटुंबावर पडतो, आणि कुटुंबे तर लहान होत आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक निरोगी वार्धक्याचे दशक म्हणून जाहीर केले, त्यामागे हीच घाई आहे.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना पाच वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. त्यांचे सर्व मीच करते. रात्री त्या चार-चार वेळा उठतात, त्यामुळे माझी झोप होत नाही. नोकरीही सोडावी लागली. बाहेरची मदत घ्यावी असे वाटते, पण लगेच अपराधी वाटू लागते. इतर देशांतील लोकांनी यावर काही मार्ग काढला आहे का?

उत्तर : आपल्या पत्रातील ‘मीच’ या शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो. जगभर वृद्धांची बहुतेक सेवा कुटुंबातील माणसे, आणि त्यांतही स्त्रियाच, विनामोबदला करत असतात, आणि ती दिसत नाही म्हणून मोजलीही जात नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची देखभाल चोवीस तासांची असते. दिवसभर राबून पुन्हा रात्रभर जागे राहणे एका माणसाला वर्षानुवर्षे झेपणारे नाही. ते झेपत नाही यात मायेची उणीव नाही. आपल्याला अपराधी वाटते, कारण जे काम अनेकांनी वाटून घ्यायचे ते एकटीवर येऊन पडले आहे आणि ते तसेच असायचे, असे आपण गृहीत धरले आहे.

काही देशांनी हे गृहीतच बदलले. जर्मनीने १९९५ पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू केला. त्यात माणसाला सेवा घेता येते किंवा घरच्याच माणसाने सांभाळ करायचा असेल तर रोख रक्कम मिळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, घरी शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीने ठरावीक अटी पूर्ण केल्या, तर तिच्या निवृत्तिवेतनाचा हप्ता हा विमा भरतो. सून किंवा मुलगी नोकरी सोडून जे करते ते काम आहे, आणि त्या कामाच्या वर्षांचीही तिच्या म्हातारपणासाठी नोंद व्हायला हवी, हे तिथे कायद्याने मान्य झाले. मला स्वतःला या तरतुदीचे मोल फार वाटते.

जपानमध्ये अशी योजना २००० साली सुरू झाली. चाळिशीपासून प्रत्येक जण हप्ता भरतो, निम्मा खर्च सरकारी तिजोरीतून येतो आणि सेवा घेणाऱ्याला एकूण खर्चाचा लहानसा वाटा, बहुतेकांना दहा टक्के, द्यावा लागतो. गरज किती आहे याची तपासणी होऊन सात पायऱ्यांपैकी एक ठरते, आणि त्यानुसार आठवड्याचा आराखडा आखून देणारा एक माणूस नेमला जातो. त्यातली एक सेवा सांगण्यासारखी आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला न्हाणीघरापर्यंत नेता येत नाही, म्हणून एका गाडीतून सुटे भाग करून टब आणतात, खाटेशेजारी तो जोडतात, कोमट पाणी भरतात आणि परिचारिकेसह साधारण तीन जणांचे पथक त्या माणसाला अलगद उचलून आंघोळ घालते. आधी रक्तदाब पाहतात, अंगावर टॉवेल राहील याची काळजी घेतात, आंघोळ झाली की टब मोडून निघून जातात. जड शरीर एकटीने फिरवताना कंबर धरलेल्या कोणत्याही बाईला या सेवेची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

जपाननेच २००५ पासून स्मृतिभ्रंशाविषयी सामान्य लोकांना सुमारे दीड तासाचे प्रशिक्षण देण्यास सुरुवात केली. बँकेतील कर्मचारी, दुकानदार, शाळकरी मुले असे एक कोटीहून अधिक लोक ते शिकले. वाट चुकलेल्या वृद्धाशी समोरून, हळू आणि एका वेळी एकच गोष्ट बोलावी, त्याच्यावर प्रश्नांचा भडिमार करू नये, एवढे जरी शेजाऱ्यांना ठाऊक असले तरी घरच्यांच्या जिवाची घालमेल कितीतरी कमी होते.

अशी योजना जिथे नाही, तिथे आपण आज काय करू शकता? आठवड्यातील दोन रात्री आणि एक दुपार दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर लिहून टाका. ते घरचे माणूस असो किंवा पैसे देऊन ठेवलेले. ‘जमेल तेव्हा येऊन जा’ असे सांगून कोणी येत नाही; वार आणि वेळ ठरली की येतात. सासूबाईंचे रात्रीचे उठणे वेदना, लघवीचा त्रास, दिवसाची झोप किंवा एखाद्या औषधामुळेही असू शकते, म्हणून ते डॉक्टरांना स्वतंत्रपणे सांगा, आणि त्याच भेटीत आपल्या झोपेविषयीही बोला.

प्रश्न : आम्ही निवृत्त झालेले सात-आठ जण वस्तीतील वृद्धांसाठी काही करू इच्छितो. पैसा फारसा नाही. सुरुवात कशी करावी?

उत्तर : घरी जाण्यापासून करा. डेन्मार्कमध्ये १९९६ च्या कायद्याने पालिकेचा कर्मचारी पंचाहत्तरी ओलांडलेल्यांच्या घरी, ते आजारी नसतानाही, भेट देऊ लागला. पडून हाड मोडण्याआधी, एकटेपणाने मन खचण्याआधी ओळख झालेली असावी, हा त्यामागचा विचार आहे.

अशा भेटीत काय पाहायचे, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने स्थानिक कार्यकर्त्यालाही शिकता येईल अशी प्राथमिक चाचणी तयार केली आहे. तीन साधे शब्द सांगायचे आणि थोड्या वेळाने विचारायचे. हात छातीशी घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला सांगायचे. त्याला चौदा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर पायांतील ताकद कमी झाली आहे असे समजायचे. तीन महिन्यांत न ठरवता तीन किलोपेक्षा जास्त वजन घटले का, भूक गेली का, दिसायला त्रास होतो का, मागून कुजबुजलेले ऐकू येते का आणि गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होते का, हेही पाहायचे. यातून निदान होत नाही, पण डॉक्टरांकडे कोणाला कशासाठी पाठवायचे ते कळते. पाचांपैकी तिसऱ्या खेपेला ज्यांचा हात आपोआप खुर्चीच्या दांड्याकडे जातो, त्यांच्या घरात रात्रीचा दिवा, न्हाणीघरात धरायला दांडी आणि रोजचा व्यायाम यांची तजवीज त्याच आठवड्यात करावी.

वृद्धांना केवळ मदत घेणारे समजू नका, ही एक विनंती. झिंबाब्वेतील हरारे येथे डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञांनी २००६ मध्ये आज्यांनाच ऐकून घेण्याचे प्रशिक्षण दिले आणि दवाखान्याच्या आवारातील लाकडी बाकावर बसवले. ‘फार विचार येतात’ असे सांगत येणारी माणसे त्यांच्याशेजारी बसून मोकळी होऊ लागली, आणि त्याचा गुण येतो हे पुढे रीतसर अभ्यासातही दिसले. बॉस्टनमध्ये या शतकाच्या आरंभी बीकन हिल भागातील ज्येष्ठांनी वर्गणी काढून स्वतःचीच संस्था उभारली, ती आपापल्या घरीच राहता यावे म्हणून. आपल्या सात-आठ जणांपैकी निम्मे तरी पंचाहत्तरीपुढचे असावेत असे मी सुचवीन.

प्रश्न : माझे वय ७९. मुले प्रेमळ आहेत, पण माझे पैसे, औषधे, बाहेर जाणे सारे तेच ठरवतात. डॉक्टरही माझ्याकडे न बघता मुलाशी बोलतात. ही तक्रार करणे कृतघ्नपणाचे ठरेल का?

उत्तर : मुळीच नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये वृद्धांविषयी जी तत्त्वे स्वीकारली त्यांत देखभालीच्या आधी स्वातंत्र्य आणि सहभाग येतात. वृद्धांच्या हक्कांचा बंधनकारक करार मात्र अजून झालेला नाही. त्याचा मसुदा करण्यासाठी कार्यगट नेमण्याचा निर्णय मानवाधिकार परिषदेने एप्रिल २०२५ मध्ये घेतला. तोवर आपण आपल्यापुरते सुरू करा. ज्या गोष्टी आपल्याला अजून नीट जमतात त्या मुलांना नावानिशी सांगा, आणि ज्यांत मदत हवी त्याही सांगा. दोन्ही एकत्र सांगितल्या की मुलांची भीती कमी होते. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना आपले तीन प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून न्या, डॉक्टरांच्या टेबलाजवळच्या खुर्चीत आपण बसा, मुलाला शेजारी बसवा आणि पहिला प्रश्न आपणच वाचा.