स्कॉटिश ‘फार्म सर्व्हंट’: नोकर, शेतमजूर की सालगडी?

प्रश्न असा: व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या स्कॉटिश शेतकरी कुटुंबावरचा मजकूर मराठीत आणायचा आहे, तर ‘फार्म सर्व्हंट’ला काय म्हणावं? सोबत ‘अर्ल्स’, ‘बॉथी’ आणि ‘ब्रोज’ हे शब्दही विचारले आहेत.

‘नोकर’ नको, त्यानं घरकाम करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. ‘शेतमजूर’ही नको, तो रोजंदारीवरचा. हा माणूस मुदतीनं बांधलेला असे आणि शब्दाची निवड त्या मुदतीवरच ठरते. लग्न झालेला गडी साधारणपणे वर्षभरासाठी राही, त्याला शेतावरच घर मिळे. त्याला ‘सालगडी’ चपखल बसतो. बिनलग्नाचा गडी मात्र, विशेषतः ईशान्य भागात, सहा महिन्यांसाठी ठरे: मे ते नोव्हेंबर, नोव्हेंबर ते मे. त्याला सालगडी म्हणणं चूकच. ‘सहामाही गडी’ म्हणा, नाहीतर नुसतं ‘गडी’.

एक सांभाळा. आपला सालगडी पाडव्याला साल ठरताना उचल घेतो. तिथे रोख मजुरी बहुधा मुदत संपल्यावर हातात पडे, त्यामुळे ‘उचल’ लिहिलीत तर व्यवहारच उलटा होईल. गड्यांच्या बाजारात सौदा ठरला की शेतकरी गड्याच्या हातावर नाणं ठेवी, बहुतेकदा एक शिलिंग. तेच ‘अर्ल्स’. ते घेतलं की गडी बांधला गेला. मराठीत यासाठी ‘विसार’ आयताच आहे, त्याहून नेमका शब्द शोधूनही मिळणार नाही.

‘बॉथी’ला कोशात ‘झोपडी’ सापडेल, पण इथे ती चालणार नाही. अँगस, पर्थशर या भागांत गोठा-तबेल्यालगत बिनलग्नाच्या गड्यांची वेगळी खोली असे, ती बॉथी. तिथे ते स्वतःच रांधून खात. अ‍ॅबरडीनशरकडे गडी झोपत ‘चॉमर’मध्ये आणि जेवत शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात. दोन्हींना ‘गड्यांची खोली’ म्हटलंत तर हा भेद पुसला जाईल. मूळ शब्द ठेवून पहिल्यांदा येतील तिथे एका वाक्यात उलगडा करा.

बॉथीतल्या गड्याला मजुरीचा भाग म्हणून दूध आणि ओटचं पीठ मिळे. पिठाचा रूढ हिशेब वर्षाला साडेसहा ‘बोल’. एक बोल 140 पौंडांचा, म्हणजे आठवड्याला साडेसतरा पौंड, सुमारे 8 किलो. त्याचं ‘ब्रोज’ होई. लाकडी वाडग्यात रवाळ पीठ आणि मीठ घालायचं, वरून खळखळतं पाणी ओतायचं, चमच्याच्या दांड्यानं ढवळायचं आणि दुधाबरोबर खायचं. पाणी नुसतं गरम असलं तर पीठ फुलत नाही, कच्चट लागतं. वाडगा चुलीवर चढतच नाही, म्हणून ब्रोजला ‘लापशी’ म्हणू नका. लापशी शिजवतात, तो शब्द ‘पॉरिज’साठी राखून ठेवा.

आणि गडी ठेवणाऱ्याला ‘जमीनदार’ करू नका. तो स्वतःच बहुधा जमीनदाराचं कूळ असे, पट्टा सहसा 19 वर्षांचा. गड्यांच्या तोंडी ‘मालक’ शोभेल, निवेदनात मात्र ‘शेतकरी’च लिहा.