मुलाला घेऊन कोलकात्याची डर्बी बघायला जायचं आहे, आखणी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की नागपूरहून बारा वर्षांच्या मुलाला घेऊन सॉल्ट लेक स्टेडियमवर ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान ही फुटबॉलची डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन क्लबांचा सामना, बघायला जायचं आहे, दोघांचीही पहिलीच वेळ आहे आणि कोणत्याच क्लबचे नसल्यामुळे ‘मधल्या जागेची’ तिकिटं घ्यायचा विचार आहे. मी नोकरीमुळे सात वर्षं कोलकात्यात राहतोय आणि कोविडचा काळ सोडला तर दर वर्षी निदान एक डर्बी स्टेडियमवर जाऊन बघतो. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो, तो मधल्या जागेचा विचार सोडून द्या. तिथे मधली जागा नसते. तिकीट घेताना जो स्टँड निवडाल त्यावरून तुम्ही कोणाच्या माणसांत बसणार ते ठरतं. मग कपडे, गेट, आत जायचा रस्ता, सामना संपल्यावर बाहेर पडायची वाट, सगळंच त्यामागून येतं. म्हणून आधी बाजू ठरवा, मगच तिकिटाला हात घाला.

हे मी सांगतोय त्याला कारण आहे. माझ्या पहिल्या डर्बीला ऑफिसमधल्या सहकाऱ्याने तिकीट काढलं होतं. त्याचं कुटुंब फाळणीत पूर्व बंगालातल्या बरिसालहून आलेलं, म्हणजे घर पक्कं ईस्ट बंगालचं. मी मात्र कपाटातला हिरवा टी-शर्ट घालून गेलो. हिरवा आणि मरून हे मोहन बागानचे रंग, लाल आणि सोनेरी ईस्ट बंगालचे. मला कोणी काही बोललं नाही, पण शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी स्वतःच्या गळ्यातला लाल-पिवळा मफलर काढून माझ्या खांद्यावर टाकला आणि म्हणाले, ‘हे राहू दे अंगावर.’ नंतर पूर्ण वेळ ते मला कोण खेळाडू कुठून आला ते समजावत होते. माणसं अशीच आहेत, भांडतील जोरात आणि जपतीलही. तरी मुलाला घेऊन जाताय तर ही वेळ येऊच देऊ नका. दुसऱ्या क्लबचा रंग अंगावर नको, एवढं पाळा.

बाजू कशी निवडायची? मुलाला दोन्ही गोष्टी सांगा आणि त्यालाच निवडू द्या. मोहन बागान 1889 सालचा क्लब. 1911 च्या जुलैत त्यांनी आयएफए शील्ड या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश लष्करी संघाला 2-1 ने हरवलं, आणि त्या संघातले जवळजवळ सगळे अनवाणी खेळले होते. ईस्ट बंगाल 1920 चा, आणि पुढे फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या लोकांना हक्काचं असं काही या शहरात सापडलं ते या क्लबमध्ये. इथल्या मूळ लोकांना ‘घोटी’ आणि तिकडून आलेल्यांना ‘बांगाल’ म्हणतात. आज ही रेघ पूर्वीइतकी ठळक नाही, घोटी घरातली मुलंही लाल-सोनेरी जर्सी घालतात. पण ईस्ट बंगाल जिंकला की घरी इलिश म्हणजे हिलसा मासा आणि मोहन बागान जिंकला की चिंगडी म्हणजे कोळंबी, हे मात्र अजून आहे. सामन्यानंतरच्या सकाळी मासळीबाजारात जा, निकाल न विचारता कळतो.

माझे वडील मोहन बागानचे चाहते. कोलकात्याला ते कधी गेले नाहीत, पण मुंबईत परळहून चालत कूपरेजच्या मैदानावर जाऊन रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा बघायचे. मोहन बागानने तो कप 14 वेळा जिंकला, त्यामुळे मुंबईतल्या त्या पिढीला हा क्लब घरचाच वाटायचा. मी ईस्ट बंगालचा झालो तेव्हा ते दोन दिवस फोनवर नीट बोलले नाहीत. तुमच्या घरात जुनं कोणी कूपरेजला जाणारं असेल तर मुलाला त्यांच्याकडे नक्की बसवा.

आता तारखेचं. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. डर्बी एकाच स्पर्धेत होत नाही, ड्युरँड कप आहे, आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग आहे, आयएफए शील्ड आहे, कलकत्ता लीग आहे. कलकत्ता लीगमध्ये मुख्य खेळाडू बहुतेक नसतात, तरुण पोरं खेळतात, आणि 2025 च्या जुलैत तो सामना कोलकात्यात नाही, कल्याणीला झाला. म्हणजे ‘डर्बी’ एवढं वाचून रेल्वेचं तिकीट काढू नका, स्पर्धा आणि मैदान दोन्ही बघा. शिवाय ठरलेला सामनाही हलतो. 2025 च्या जानेवारीतली आयएसएल डर्बी गंगासागर मेळ्याच्या बंदोबस्तामुळे गुवाहाटीला गेली. त्याआधी 18 ऑगस्ट 2024 ची ड्युरँडची डर्बी आदल्या दिवशी रद्द झाली. माझा धाकटा भाऊ त्या सामन्यासाठी पुण्याहून आला होता. आर. जी. कर रुग्णालयातल्या, खून झालेल्या डॉक्टर मुलीसाठी न्याय मागायला सामन्याच्या संध्याकाळी दोन्ही क्लबांचे आणि शहरातल्या तिसऱ्या मोठ्या क्लबचे, मोहम्मेडनचेही चाहते स्टेडियमबाहेर एकत्र जमले. लाल-सोनेरी आणि हिरवी-मरून जर्सी खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत हे दृश्य मी त्याआधी पाहिलं नव्हतं. भाऊ सामना न बघता परतला, पण त्या संध्याकाळबद्दल तो अजून बोलतो. तुम्हाला सांगायचं एवढंच की हॉटेल असं घ्या की रद्द केल्यावर पैसे परत मिळतील, आणि सामन्याच्या दिवशीच पोहोचायचा बेत करू नका. गीतांजलीने संध्याकाळी नागपूरहून बसलात तर दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा येतं, पण गाडीला उशीर होऊ शकतो. एक रात्र आधी या.

राहायला स्टेडियमजवळ खोली शोधत बसू नका. सियालदह किंवा एस्प्लानेडच्या आसपास राहा, कारण आता मेट्रोची ग्रीन लाइन 2025 च्या ऑगस्टपासून हावडा मैदान ते सेक्टर फाइव्ह अखंड चालते. हावडा स्टेशनवरून बसलात तर हुगळीच्या पात्राखालून जाता, मग महाकरण, एस्प्लानेड, सियालदह, फुलबागान, आणि फुलबागाननंतर गाडी जमिनीखालून वर येते. पुढचंच स्टेशन सॉल्ट लेक स्टेडियम. मुलाला खिडकीशी उभं करा, अंधारातून एकदम उजेडात आल्यावर लगेच ते अवाढव्य स्टेडियम येतं. स्मार्ट कार्ड आदल्या दिवशीच घेऊन ठेवा आणि शेवटची गाडी किती वाजता आहे ते बघून ठेवा, सामने बहुतेक रात्रीचे असतात.

तिकीट ऑनलाइन मिळतं, पण मोबाइलवर आलेली पावती म्हणजे दर वेळी प्रवेशाचं तिकीट नसतं. अनेकदा ती दाखवून छापील तिकीट घ्यावं लागतं, आणि ते केंद्र सामन्याच्या दिवशी बंद असू शकतं. ही ओळ नीट वाचा, आदल्या दिवशी पोहोचायचं हेही एक कारण आहे. जागा घेताना खालच्या रांगांच्या मोहात पडू नका. मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे, त्यामुळे पहिल्या रांगेतूनही खेळ लांबच राहतो. थोडं वरून सगळं मैदान दिसतं, आणि समोरच्या बाजूचे प्रचंड टिफो, म्हणजे चाहत्यांनी रंगवलेले मोठे पडदे, उलगडतात तेही. 1984 मध्ये स्टेडियम सुरू झालं तेव्हा लाखाहून जास्त लोक मावत. 13 जुलै 1997 ला याच दोन संघांच्या फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात 1 लाख 31 हजारांवर माणसं होती, ईस्ट बंगाल 4-1 ने जिंकलं आणि बायचुंग भुतियाने तीन गोल केले. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी खुर्च्या बसवल्यावर क्षमता 68 हजारांच्या आसपास आली. तरी आवाज किती असतो हे मुलाला आधी सांगून ठेवा, पहिल्या गोलला पोटात धडकी भरते.

सामन्याच्या सकाळी खोलीत बसू नका. एस्प्लानेडहून ‘मैदान’ नावाच्या शहरातल्या मोठ्या मोकळ्या माळावर चालत जा, दोन्ही क्लबांचे तंबू, म्हणजे त्यांची मुख्य ठिकाणं, तिथेच आहेत. तिथल्या कॅन्टीनचं चिकन स्ट्यू आणि टोस्ट खा. दुपारी विश्रांती घेऊन निदान दोन तास आधी स्टेडियम गाठा. तिकिटावर लिहिलेल्याच गेटने सोडतात, आणि चुकीच्या बाजूला उतरलात तर फेरा मोठा पडतो. पाण्याची बाटली, पॉवर बँक, काडेपेटी, नाणी अडवली जातात, तेव्हा बॅग हॉटेलवरच ठेवा. पाणी आत विकत मिळतं. ऑगस्टात असाल तर छत्री नाही, रेनकोट.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात चेंगराचेंगरीत 16 प्रेक्षक गेले. तो दिवस इथे दर वर्षी रक्तदान करून पाळतात. आता व्यवस्था पुष्कळ सुधारली आहे, पण जिन्यावरची गर्दी ती गर्दीच. शेवटची शिट्टी वाजली की उठू नका. वीस मिनिटं जागेवर बसून राहा, जिना मोकळा होऊ द्या. मुलाच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेला कागद असू द्या, कारण आत फोन लागेलच असं नाही. हरलेल्या बाजूला बसला असाल तर बाहेर पडताना कोणाशी वाद नको, आणि जिंकलेल्या बाजूला असाल तर मेट्रोत शिरेपर्यंत आरडाओरडा नको.

मुलाने बाजू निवडली आणि तारीख पक्की झाली की इथेच खाली लिहा. तिकिटावरचं गेट बघून स्टेशनवरून कुठल्या बाजूने चालायचं ते मी सांगेन.